खेळाडूंमधील दमा

कठोर व्यायामामुळे श्वासनलिका तात्पुरत्या आकुंचन पावून धाप लागणे, छातीत घरघर होणे व खोकला येणे या विकारास व्यायामजन्य दमा असे म्हणतात. मूळचा दमा असलेल्या बहुतेकांना हा त्रास होतो. तथापि एरवी दम्याचे कोणतेही लक्षण नसलेल्या खेळाडूंमध्येही तो आढळतो. दम लागणे आणि दमा असणे या भिन्न गोष्टी होत. लागलेला दम विश्रांती घेताच ओसरतो. या विकारात मात्र त्रास बहुधा व्यायाम थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत वाढतो व अर्ध्या-एक तासात शमतो.

कारणे

नाकातून आत जाणारी हवा उबदार व दमट होते. जोराच्या श्रमात तोंडावाटे भराभर कोरडी हवा घेतली जाते, श्वासनलिकांचे अस्तर सुकते, तेथील पेशींतून हिस्टामिनसारखी द्रव्ये सुटतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. त्यामुळे थंड हवेत बर्फावर स्की करणाऱ्यांत हा विकार अधिक दिसतो. तरणतलावावरील दमट हवा दमेकऱ्यास मानवते, परंतु क्लोरिनपासून बनणारे वायू नियमित पोहणाऱ्यांच्या श्वासनलिकांना अपाय करतात.

उपचार

व्यायामाआधी व नंतर जोराने फुंकलेल्या श्वासाचे मापन करून निदान होते. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के वा अधिक घटल्यास विकार आहे असे मानतात. सरावापूर्वी शरीर हळूहळू तापवणे व साल्ब्युटामॉलचा इनहेलर घेणे उपयुक्त ठरते. त्रास वरचेवर होत असल्यास स्टेरॉइडचा इनहेलर नियमित घ्यावा लागतो.

उत्तेजकविरोधी नियम

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार इनहेलरद्वारे साल्ब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, व त्यातही कोणत्याही ८ तासांत ६०० पर्यंतच घेता येते. इतर काही औषधांसाठी आधी परवानगी काढावी लागते.

हे नियम स्पष्ट होण्यापूर्वीचे प्रसिद्ध प्रकरण रिक डीमाँट या अमेरिकन जलतरणपटूचे आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १६ वर्षांच्या डीमाँटने ४०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरपेक्षा अवघ्या ०.०१ सेकंदाने जिंकली. दम्यासाठी घेतलेल्या मॅरॅक्स या औषधातील एफेड्रिन चाचणीत सापडल्याने त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले व १५०० मीटरच्या अंतिम फेरीतही उतरू दिले गेले नाही. वास्तविक स्पर्धेपूर्वीच्या अर्जात त्याने हे औषध नमूद केले होते. आपल्या संघाच्या अधिकाऱ्यांनी त्याची पुढे दखल घ्यावी, एवढीच अपेक्षा त्या मुलाने धरली होती. पुढच्याच वर्षी बेलग्रेड येथील जागतिक स्पर्धेत त्याने कूपरला हरवून हेच अंतर ३ मिनिटे ५८.१८ सेकंदांत, म्हणजे इतिहासात प्रथमच चार मिनिटांच्या आत, पार केले. त्याने औषधाची माहिती रीतसर दिली होती, हे अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये मान्य केले. आंतरराष्ट्रीय समितीने पदक परत केले नाही.