झँथोमोनस
झँथोमोनस : वनस्पतींना रोग जडवणाऱ्या जिवाणूंची एक प्रजाती (कुल : झँथोमोनाडेसी). हे जिवाणू ग्रॅम-ऋण, दंडाकृती असून त्यांच्या एका टोकाला एकच कशाभिका असते. प्राणवायूशिवाय ते वाढत नाहीत. २८–३०° से. तापमानाला पोषक माध्यमावर त्यांच्या सहसा पिवळ्या, बुळबुळीत वसाहती दिसतात. पिवळेपणा झँथोमोनाडीन या ब्रोमीनयुक्त रंगद्रव्याचा, बुळबुळीतपणा झँथन या बहुशर्करेचा. सॉस आणि आइसक्रीम दाट करणारा झँथन गम तो हाच. कोबीवर घाण्या रोग आणणाऱ्या झँ. कँपेस्ट्रिस या जातीपासून तो मिळवतात.

डब्ल्यू. जे. डाउसन यांनी १९३९ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. पुढे ज्या पिकावर जिवाणू सापडेल त्या पिकावरून नवी जाती मांडण्याची रीत पडली आणि जाती शंभरावर गेल्या. प्रयोगशाळेतील कसोट्यांवर मात्र त्यांतील बहुतेक एकसारख्याच निघत. म्हणून जिवाणूंच्या वर्गीकरणाच्या ‘बर्गी’ ग्रंथाच्या १९७४ च्या आवृत्तीत पाचच जाती ठेवून बाकीच्या झँ. कँपेस्ट्रिसमध्ये घातल्या गेल्या. हा उपाय जरा टोकाचाच होता. कोणता जिवाणू कोणत्या पिकाला लागतो, ही शेतीच्या दृष्टीने कळीची माहिती त्यात हरवली असती. ती ‘पॅथोव्हार’ या, यजमान पिकावरून पाडलेल्या, जातीच्या उपविभागाने टिकवली. १९९५ मध्ये व्हॉटरिन व सहकाऱ्यांनी डीएनए-साम्याच्या आधारे वीस जाती ठरवल्या.

डाळिंबावरील तेल्या रोगाच्या जिवाणूने ही सगळी स्थित्यंतरे भोगली. १९५९ मध्ये हिंगोराणी व सिंग यांनी त्याला झँ. प्युनिसी ही स्वतंत्र जाती मानले. नंतर तो झँ. कँपेस्ट्रिसचा, १९९५ मध्ये झँ. अॅक्झोनोपोडिसचा पॅथोव्हार झाला आणि आता झँ. सिट्रीत, म्हणजे लिंबावरील खैऱ्या रोगाच्या जिवाणूशेजारी, येऊन बसला आहे. आंब्यावरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाचा जिवाणूही याच जातीत येतो. पटेल, मोनिझ व कुलकर्णी यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले ते स्यूडोमोनस या प्रजातीत; त्याच्या वसाहती पिवळ्या नसतात.

पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून शिरलेला जिवाणू आपली प्रथिने थेट वनस्पतिपेशीत सोडतो. त्यांपैकी टाल प्रथिने यजमानाची जनुके चालू करतात. ती डीएनएवरील नेमकी जागा कशी ओळखतात हे २००९ मध्ये उलगडले, आणि जनुकसंपादनाला एक नवे हत्यार मिळाले.

सोलापूर, नाशिक, सांगलीच्या डाळिंबपट्ट्यात तेल्या मुख्यतः रोगट गुटी कलमांतून पसरतो. बागेत पावसाचे उडते थेंब आणि छाटणीची कात्री त्याला झाडोझाडी नेतात. फळांवर तेलकट डाग पडून ती तडकतात. बोर्डो मिश्रणाची फवारणी झाडावरचा जिवाणू आवरते, आत शिरलेल्यापर्यंत ती पोचत नाही. म्हणून रोगग्रस्त भागात पावसाळी मृग बहार टाळून हस्त बहार धरतात.