कमळ आणि कुमुद (भोपाळ)

कमळ (नेलंबो न्यूसिफेरा) आणि कुमुद (निंफिया प्रजातीतील वनस्पती) या चिखलात मुळे रोवून उथळ, संथ पाण्यात वाढणाऱ्या जलवनस्पती. बहर उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत. कुमुदांना त्यानंतरही फुले येतात. भोपाळ शहरात या वनस्पती तलावांच्या काठाला आणि उद्यानांतल्या हौदांत आढळतात.

भोपाळचा बडा तालाब अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदी अडवून बांधला, अशी परंपरा आहे. छोटा तालाब नवाब हयात मोहम्मद खान यांचे मंत्री छोटे खान यांनी 1794 मध्ये बांधला. ‘भोज पाणथळ’ या नावाने दोन्ही तलावांचा 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. मध्य प्रदेशातले ते पहिले रामसर क्षेत्र. परंतु अफाट पाणी कमळाच्या उपयोगाचे नसते. त्याला हात-दीड हातापासून फार तर पुरुषभर खोलीचे पाणी आणि दिवसभराचे ऊन लागते. 1965 मध्ये भदभदा धरण झाल्यावर बड्या तालाबाची पातळी आणखी वाढली. कमळाच्या वाट्याला येतो तो काठाचा उथळ पट्टा, आणि त्याच पट्ट्यात शिंगाड्याची लागवड, जलपर्णीचा पसारा व शहराचे अतिक्रमण असते. भोपाळच्या जलसौंदर्याची चर्चा सहसा मधल्या निळ्या विस्ताराभोवती फिरते. वनस्पतींच्या दृष्टीने खरी श्रीमंती या दुर्लक्षित काठाची आहे.

कमळ आणि कुमुद यांना एकाच कुळातले मानण्याची पद्धत जुनी आहे, पण ती चुकीची. कुमुदाचे कुळ सपुष्प वनस्पतींच्या अगदी आरंभीच्या शाखांपैकी एक आहे. कमळ त्याहून बरेच दूरचे. जनुकीय अभ्यासानुसार त्याचे जवळचे नातलग चिनार आणि रस्त्याकडेचा सिल्व्हर ओक हे वृक्ष. ओळख पानावरून पटते. कमळाचे पान अखंड गोल, देठ मधोमध जोडलेला आणि पुष्कळ पाने पाण्यावर उंच उचललेली. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत खाच असते व ते पाण्यावर पसरते. कमळाचे फळ हवेत पिकते, कुमुदाचे मात्र परागण झाल्यावर पाण्याखाली जाऊन पिकते.

कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही याचे कारण पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे व मेणाचे स्फटिक. घरंगळणारा थेंब धूळही नेतो. ही यंत्रणा जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी उलगडली. फूल त्याहूनही विलक्षण आहे. ॲडलेड वनस्पती उद्यानातील कमळांवर 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, हवा 10 अंशांपर्यंत उतरली तरी उमलते फूल स्वतःचे तापमान 30 ते 36 अंश सेल्सिअस राखते. ही ऊब गंध पसरवते आणि रात्री फुलात मुक्काम करणाऱ्या कीटकांना उपयोगी पडते.

निळे कुमुद (निंफिया नौचाली) सकाळी उमलून दुपारनंतर मिटते. पांढरे कुमुद (निंफिया प्युबेसेन्स) संध्याकाळी उमलते व दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी मिटते. त्यामुळे दुपारी उद्यानात जाणाऱ्याला अर्धा बहर दिसतच नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास बहुधा कमळासह तिन्ही फुले उघडी सापडतात. उद्यानात कमळ आणि कुमुद यांना वेगळे हौद द्यावेत, कारण कमळाचे आडवे खोड भराभर पसरून कुमुदाची जागा बळकावते. कारंज्याचे तुषार कुमुदाला मानवत नाहीत. डासांच्या अळ्यांसाठी हौदात गप्पी मासे सोडतात.

भोपाळजवळच्या सांची येथील स्तूप क्र. 2 च्या कठड्यावर इ.स.पू. दुसऱ्या शतकातली कमळे नानाविध रूपांत कोरलेली आहेत. पूर्ण उमललेले फूल, कळी, वळणदार देठ, सारे पाहून कोरलेले वाटते.

कमळाचे सच्छिद्र खोड म्हणजे कमळकाकडी. भोपाळच्या बैरागढ (आता संत हिरदाराम नगर) भागात फाळणीनंतर स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांच्या स्वयंपाकात तिला मानाचे स्थान असून सिंधीत तिला ‘भी’ म्हणतात. वाळलेले बी म्हणजे कमळगट्टा. लक्ष्मीच्या जपासाठी त्याच्या माळा करतात. चीनमध्ये सापडलेले सुमारे 1,300 वर्षांपूर्वीचे बी रुजल्याची नोंद आहे. मखाणा मात्र कमळाचा नव्हे. तो युरियल फेरॉक्स या कुमुदाच्या काटेरी नातलगापासून मिळतो.