महाराष्ट्रातील गोल्फ मैदाने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मूळचा स्कॉटलंडचा गोल्फ हा खेळ ब्रिटिश राजवटीबरोबर भारतात आला. १८२९ मध्ये कलकत्त्यात व १८४२ मध्ये मुंबईत गोल्फ क्लब स्थापन झाले. ही मैदाने कोणासाठी होती, या अंगाने प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

ऐतिहासिक मैदाने :
वसाहतकाळात अनेक क्लबांत भारतीयांना प्रवेश नव्हता. या पार्श्वभूमीवर गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबने भारतीयांनाही सदस्यत्व दिले. १९२७ मध्ये चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब सुरू झाला. तथापि, दोन्ही ठिकाणी सामान्य माणूस बाहेरच राहिला. नाशिकचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथील गोल्फ क्लब मैदानाला १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनचा वध करणाऱ्या हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव देण्यात आले. तेथे आता रणजी सामने होतात, नागरिक फिरावयास येतात. जुने नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकून आहे.

नवीन मैदाने :
पुण्याजवळील ऑक्सफर्ड व सिडकोने खारघर येथे विकसित केलेले मैदान ही अलीकडची उदाहरणे होत. अठरा होलच्या मैदानास साधारणतः ५० ते ६० हेक्टर जमीन व हिरवळीसाठी उन्हाळाभर पाणी लागते.

निष्कर्ष :
भूजलाच्या अतिउपशामुळे वरूड परिसरातील संत्राबागा संकटात आल्या आहेत. अशा प्रदेशातून पाहता गोल्फ मैदानाचा इतिहास हा जमीन व पाणी यांवरील अधिकाराचाही इतिहास ठरतो. नाशिकप्रमाणे मैदान सर्वांसाठी खुले होणे, हीच त्यातील महत्त्वाची घटना होय.