केंब्रिजची मगर

केंब्रिज विद्यापीठांतील मॉन्ड प्रयोगशाळेच्या भिंतीवर, दाराच्या शेजारीं, एक मगर कोरलेली आहे. एरिक गिल या नामांकित शिल्पकाराचें तें काम. विद्येच्या मंदिरीं हा जलचर कशाला, असें नवख्यास वाटल्यावांचून राहत नाहीं. ज्यांच्या प्रयोगांसाठीं ही वास्तु उभी राहिली ते रशियन शास्त्रज्ञ प्योत्र कापित्झा आपले गुरु लॉर्ड रदरफर्ड यांस मित्रमंडळींत 'मगर' म्हणत असत, एवढाच त्याचा उलगडा. ३ फेब्रुवारी १९३३ रोजीं विद्यापीठाचे कुलपति स्टॅन्ले बाल्डविन यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें; आणि पुरीं दोन वर्षें लोटण्यापूर्वींच तिचा धनी तिला पारखा झाला.

कापित्झा हे मूळचे क्रोन्श्टाट बंदरचे. जन्म १८९४ चा. राज्यक्रांतीनंतरच्या हलाखींत आणि रोगांच्या सांथींत त्यांचे वडील, पत्नी व दोन मुलें थोडक्या काळांत दगावलीं. १९२१ मध्यें आपले गुरु इओफे यांच्याबरोबर ते शास्त्रीय उपकरणें खरेदी करण्याच्या सरकारी कामावर इंग्लंडांत आले आणि रदरफर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत जागा मागूं लागले. तेथें तीसएक संशोधक आधींच दाटीवाटीनें काम करीत होते. आख्यायिका अशी कीं, कापित्झांनीं विचारलें, "येथल्या प्रयोगांत चूक कितपत चालते?" रदरफर्ड म्हणाले, "शेंकडा दोन-तीन." "मग तीसांत एक अधिक झाला तर तो त्या चुकींतच मोडेल!" गोष्ट खरी असो वा नसो, जागा मिळाली हें खरें. मात्र प्रयोगशाळेंत साम्यवादाचा प्रचार करावयाचा नाहीं, अशी तंबी रदरफर्ड यांनीं आरंभींच दिली होती.

राजकारणाचें वारें या काळांत क्षणोक्षणीं फिरत होतें. १९२४ मध्यें ब्रिटननें सोव्हिएट सरकारला मान्यता दिली, १९२७ मध्यें संबंध तोडले, १९२९ मध्यें पुन्हां जोडले. त्याच १९२९ सालीं रॉयल सोसायटीनें कापित्झांस आपलें सभासदत्व दिलें. क्षणाच्या शतांशापुरतें प्रचंड चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारें त्यांचें मोठें जनित्र मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कारखान्यानें बनविलें होतें. आणि १९३३ त, मॉन्ड प्रयोगशाळा उघडल्यावर अवघ्या महिन्याभरांत, याच कारखान्याच्या इंग्रज इंजिनियरांस मॉस्कोंत हेरगिरीच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. तरीही कापित्झा मधून मधून मायदेशीं जात व परत येत. १९३४ च्या शरदांत ते पत्नी ॲना यांच्यासह गेले, आणि या वेळीं त्यांस परतीची परवानगी मिळाली नाहीं. ॲना एकट्याच केंब्रिजला, दोन लहान मुलांकडे, परतल्या.

आतां प्रश्न रदरफर्ड यांच्यापुढें होता. गवगवा करावा तर मॉस्कोंतील माणसाचाच जीव धोक्यांत यावयाचा. गप्प बसावें तर तो कायमचा अडकणार. त्यांनीं प्रथम कित्येक महिने बोभाटा न करतां पत्रें लिहिलीं, वकिलातीशीं बोलणीं केलीं, बाल्डविन यांस गळ घातली. १९३५ च्या एप्रिलांत बातमी वृत्तपत्रांत फुटली तेव्हां सोव्हिएट बाजूनें उत्तर आलें तें असें : इंग्लंडला कापित्झा हवे असणें साहजिक आहे, आम्हांसही रदरफर्ड हवेसे वाटतात! उत्तर खोंचक खरें, पण त्यांत एक तथ्यही होतें. ज्या देशानें माणूस शिकविला त्या देशाचा त्याच्यावर कांहींच हक्क नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. मात्र तो हक्क दारास कुलूप लावून बजावावा लागला, ही त्या राजवटीची नामुष्की होय.

इकडे मॉस्कोंत कापित्झा यंत्रांवांचून रिकामे बसले होते. शास्त्रज्ञास याहून मोठा तुरुंग नाहीं. यंत्रें अडवून ठेवावीं आणि मॉस्कोवर दाब आणावा, असा एक मार्ग होता. रदरफर्ड यांनीं तो पत्करला नाहीं. माणूस येत नसेल तर यंत्रें त्याच्याकडे जाऊं द्यावींत, या मतावर ते आले. एड्रियन आणि डिरॅक हे दोघे मॉस्कोस जाऊन मित्रास भेटून आले. आणि १९३५ च्या अखेरीस ३०,००० पौंडांचा सौदा ठरला. मोठें जनित्र पेटींत बंद होऊन रशियास गेलें. जें केंब्रिजलाही लागणार होतें त्याच्या प्रतिकृति करून धाडल्या. ही सारी यातायात कॉक्रॉफ्ट यांनीं निभावली. यंत्रांची घडी बसविण्यासाठीं कापित्झांचे दोन जुने सहायकही मॉस्कोस जाऊन राहिले. १९३६ च्या आरंभीं ॲना मुलांसह तिकडे गेल्या. शत्रूस आयुध दिलें, असें म्हणणारे तेव्हांही असतील; पण विद्यापीठाला पैसा मिळाला, मॉन्ड प्रयोगशाळा चालूं राहिली, आणि पुढें काय झालें तें पाहण्याजोगें आहे.

१९ ऑक्टोबर १९३७ रोजीं रदरफर्ड वारले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ८ जानेवारी १९३८ च्या 'नेचर'च्या एकाच अंकांत दोन पत्रें छापून आलीं. शून्याखालीं सुमारें २७१ अंशांवर द्रव हेलियम जणूं घर्षणच नसल्याप्रमाणें वाहूं लागतें, असें दोन्हींचें सांगणें होतें. एक पत्र मॉस्कोहून कापित्झांचें. दुसरें ॲलन आणि मिसेनर यांचें, मॉन्ड प्रयोगशाळेंतलें. यजमान गेलेल्या घरांत आणि यजमानाच्या नव्या घरांत एकच दिवा लागावा, तसें झालें. श्रेय कोणाचें किती, हा वाद पुढें पुष्कळ झाला.

त्याच वर्षीं एप्रिलांत तरुण लांडाऊ यांस मॉस्कोंत अटक झाली. कापित्झांनीं त्यांच्यासाठीं थेट स्टालिन यांस लिहिलें आणि एका वर्षानें त्यांस सोडवून आणलें. १९४६ मध्यें बेरियाशीं बिनसल्यावर खुद्द कापित्झांचीच संस्था त्यांच्या हातून काढून घेण्यांत आली. ती १९५५ मध्यें परत मिळाली. १९७८ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. केंब्रिजचें दर्शन मात्र त्यांना १९६६ मध्यें, ३२ वर्षांनीं घडलें. मगर जागच्या जागीं होती.