कोठारात किती आहे?

मागच्या महिन्यात आमच्या नवीन पनवेलच्या गटात मसाल्याच्या मिरचीचा घोळ झाला. वहीत ११ किलो, पोत्यात १७! घाईघाईने महागाची मिरची आणून बसलो होतो. तेव्हा मला कुटचा वेढा आठवला.

कुट हे इराकमधलं, तैग्रिस नदीकाठचं गाव. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तिकडे गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, म्हणजे आपल्याच शेतकऱ्यांची पोरं. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी त्यांना कुटमध्ये वेढलं.

फौजेला शिधा, दाणावैरण पोचवायचं काम तेव्हा सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअरकडे होतं. पण बसऱ्याहून वर जायला धड रस्ता नाही, रेल्वे नाही. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटीही थोड्या. माल बसऱ्याला अडकलेला आणि पुढच्या माणसांचे हाल.

त्यात मोजणीही चुकली. शिधा जेमतेम दोन महिने पुरेल, असा सेनापती टाउनशेंड यांचा सुरुवातीचा अंदाज होता. त्या धास्तीनं सोडवायला निघालेली फौज जानेवारीत पुरेशा तयारीविना पुढे धावली. चिखलात, थंडीत हजारो माणसं पडली. आणि मग जानेवारीच्या अखेरीस घरोघर झडती घेतल्यावर लपवलेलं धान्य सापडलं! घोडे कापून खाल्ले तर एप्रिलपर्यंत निभेल, असा नवा हिशेब निघाला. हीच झडती पहिल्या आठवड्यात का घेतली नाही? माझा राग तिथेच आहे.

आपल्या बहुतेक शिपायांनी घोड्याचं मांस कितीतरी दिवस नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी मन होईना. भाजीपाला नाही, त्यामुळे हिरड्या सुजल्या. रानातला पाला शिजवून खाल्ला. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली, त्यातली काही नदीत पडली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. कित्येक जण कैदेतच गेले.

पुढे चौकशी आयोग बसला. १९२३ मध्ये त्या कोअरचं नाव इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर झालं. आज सियाचीनपर्यंत जवानांचा शिधा तीच कोअर पोचवते. तिचा वर्धापनदिन ८ डिसेंबर, कुटला वेढा पडला त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख.