गेमिंगसाठी फोर-के स्क्रीन खरंच हवी का? रिझोल्यूशनमधला फरक डोळ्यांना कधी दिसतो?

गेम खेळण्यासाठी नवा मॉनिटर शोधायला लागलं की पहिला प्रश्न समोर येतो: फुल एचडी, १४४०पी की फोर-के? प्रत्येक पायरीला किंमत वाढते. विक्रेता म्हणतो, 'फोर-केच घ्या, जमीन-अस्मानाचा फरक आहे.' मित्र म्हणतो, 'काही फरक पडत नाही, पैसे वाचव.'

दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. मात्र गेमिंगचा कॉम्प्युटर एकदा घेतला की अनेकदा काही वर्षं तोच वापरला जातो, त्यामुळे चुकलेली निवडही तितकीच वर्षं सोबत राहते. म्हणूनच हा फरक कधी दिसतो, कधी दिसत नाही आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे खरेदीआधी समजून घ्यायला हवं.

रिझोल्यूशन म्हणजे नेमकं काय?

स्क्रीनवरचं चित्र बारीक रंगीत ठिपक्यांनी बनतं. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात आणि स्क्रीनवर आडवे-उभे किती पिक्सेल आहेत, ते सांगणारा आकडा म्हणजे रिझोल्यूशन.

- फुल एचडी किंवा १०८०पी: १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल
- १४४०पी (बाजारात अनेकदा 'टू-के' नावाने विकलं जातं): २५६० × १४४०, सुमारे ३६.९ लाख पिक्सेल
- फोर-के: ३८४० × २१६०, सुमारे ८२.९ लाख पिक्सेल

म्हणजे फोर-केमध्ये फुल एचडीच्या बरोबर चौपट पिक्सेल असतात. पण पिक्सेल चौपट झाले म्हणून चित्र चौपट चांगलं दिसतं, असं नाही.

डोळ्यांची मर्यादा कुठे येते?

डोळे तपासताना ज्याला ६/६ दृष्टी म्हणतात, ती असलेल्या व्यक्तीला एका अंशाच्या साधारण साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा ओळखता येतो. पिक्सेल त्याहून लहान दिसू लागला की शेजारचे दोन पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. पिक्सेल किती लहान दिसेल, हे दोन गोष्टींवर ठरतं: स्क्रीन किती मोठी आहे आणि आपण किती लांब बसतो.

या हिशोबाने पिक्सेल वेगळे दिसणं साधारण या अंतरावर थांबतं:

- २४ इंची फुल एचडी: ९५ सेंटीमीटर
- २७ इंची फुल एचडी: १०७ सेंटीमीटर
- २७ इंची १४४०पी: ८० सेंटीमीटर
- २७ इंची फोर-के: ५४ सेंटीमीटर

टेबलावरच्या मॉनिटरपासून आपण साधारण ६० ते ७० सेंटीमीटरवर बसतो. त्या अंतरावरून २७ इंची फुल एचडी स्क्रीन भरड दिसते आणि १४४०पीवर गेल्यावर फरक सहज जाणवतो. १४४०पीवरून फोर-केवर गेल्यावरही चित्र आणखी रेखीव होतं, पण डोळ्यांची मर्यादा मध्येच ओलांडली जात असल्याने वाढलेल्या पिक्सेलचा पूर्ण फायदा मिळत नाही.

टीव्हीचं गणित वेगळं आहे. ४३ इंची टीव्हीवर फुल एचडीचे पिक्सेल सुमारे १.७ मीटरनंतर वेगळे दिसत नाहीत. सोफा अडीच मीटरवर असेल, तर त्याच आकाराच्या फोर-के टीव्हीतले जास्तीचे पिक्सेल फारसे कामाला येत नाहीत. साडेसहा इंची फुल एचडी मोबाइलसाठी हेच अंतर सुमारे २२ सेंटीमीटर आहे आणि खेळताना फोन बहुधा त्याहून लांबच असतो.

मग गेममध्ये फरक जास्त का जाणवतो?

सिनेमा आणि गेमचं चित्र वेगवेगळ्या पद्धतीने तयार होतं. कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल समोरच्या छोट्या भागातला प्रकाश गोळा करून त्याची सरासरी घेतो. गेममध्ये मात्र ग्राफिक्स कार्ड साधारणपणे प्रत्येक पिक्सेलसाठी एकाच बिंदूचा रंग मोजतं. त्यामुळे लांबची विजेची तार किंवा कुंपणाची जाळी एका फ्रेममध्ये दिसते, तर पुढच्या फ्रेममध्ये गायब होते. तिरक्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात आणि पानं लुकलुकतात.

ही लुकलुक डोळ्यांना चटकन जाणवते. शिवाय रेषेतला छोटासा तुटकपणा आपले डोळे वरच्या मर्यादेपेक्षाही बारकाईने टिपतात. त्यामुळे केवळ अंतराच्या गणितावरून वाटतं, त्यापेक्षा गेममध्ये जास्त रिझोल्यूशनचा उपयोग थोडा अधिक होतो.

लांबचा प्रतिस्पर्धी ओळखायचा असेल, तर हा फायदा थेट खेळात उतरतो. फुल एचडीवर जी आकृती १० पिक्सेल उंच असते, ती १४४०पीवर साधारण १३ आणि फोर-केवर २० पिक्सेलची होते.

या स्पष्टतेची किंमत काय?

चित्र हलतं दिसावं यासाठी ग्राफिक्स कार्डला सेकंदाला अनेक फ्रेम तयार कराव्या लागतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेमसाठी ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. तेवढ्याच वेळात चौपट पिक्सेल रंगवायचे, तर कार्डही तितकं ताकदवान लागतं. नाहीतर फ्रेम कमी होतात, हालचाल अडखळते आणि बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ वाढतो.

म्हणूनच काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमचे अनेक व्यावसायिक खेळाडू मुद्दाम १२८० × ९६० इतकं कमी रिझोल्यूशन ठेवतात. त्यांच्यासाठी सुंदर चित्रापेक्षा वेगवान प्रतिसाद महत्त्वाचा असतो. प्लेस्टेशन ५च्या अनेक गेममध्येही हीच निवड खेळाडूवर सोडलेली असते: जास्त स्पष्ट चित्र आणि ३० फ्रेम, किंवा थोडं कमी स्पष्ट चित्र आणि ६० फ्रेम.

अपस्केलिंगमुळे काय बदललं?

एनव्हिडियाने २०१८ मध्ये डीएलएसएस आणि एएमडीने २०२१ मध्ये एफएसआर हे तंत्र आणलं. यात गेम आधी कमी रिझोल्यूशनमध्ये तयार होतो आणि मग तो मोठा केला जातो. फोर-के स्क्रीनवर 'क्वालिटी' मोड निवडला तर मूळ चित्र १४४०पीचं असतं, 'परफॉर्मन्स' मोडमध्ये फक्त १०८०पीचं. तरीही चालू पिढीच्या आवृत्त्यांमध्ये निकाल बऱ्याचदा समाधानकारक असतो. त्यामुळे मध्यम ताकदीच्या कार्डावरही फोर-के मॉनिटर वापरणं काही प्रमाणात शक्य झालं आहे.

फुल एचडी स्क्रीनवर मात्र याच 'परफॉर्मन्स' मोडची सुरुवात ९६० × ५४० पासून होते. इतक्या कमी माहितीवरून उभं केलेलं चित्र हलताना धूसर दिसू शकतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १४४०पी मॉनिटरवर १०८०पीमध्ये गेम चालवला, तर पिक्सेल नीट जुळत नाहीत आणि चित्र पुसट होतं. फोर-के मॉनिटरवर १०८०पीचा एक पिक्सेल बरोबर चार पिक्सेलमध्ये बसू शकतो. कार्डाला मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन पेलत नसेल, तर महागडी स्क्रीन जुन्यापेक्षा वाईट दिसू शकते ती अशी.

मग निवड कशी करायची?

- २४ इंची मॉनिटर, बेताचं बजेट किंवा वेगवान शूटिंग गेम: फुल एचडी पुरेसं आहे. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्ड किंवा जास्त रिफ्रेश रेटवर घालावेत.
- २७ इंची मॉनिटर आणि सगळ्या प्रकारचे गेम: १४४०पी हा सर्वांत समतोल पर्याय.
- ३२ इंची किंवा त्याहून मोठा मॉनिटर, ताकदवान कार्ड आणि निवांत फिरून बघायचे कथाप्रधान गेम: फोर-केचा खरा फायदा इथे मिळतो.
- टीव्हीवर खेळायचं असेल तर: आधी सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर मोजा.

यूट्यूबवर रिझोल्यूशनची तुलना करणारे व्हिडिओ पाहून निर्णय घेणं टाळलेलं बरं. व्हिडिओ अपलोड होताना दाबला जातो आणि तो आपण आपल्या जुन्याच स्क्रीनवर पाहत असतो. त्याऐवजी दुकानात शक्य असेल तर गेम लावायला सांगा आणि घरी जितक्या अंतरावर बसता, तितकंच लांब उभं राहून दोन स्क्रीन बघा. कुठली कोणती, हे सोबत आलेल्या मित्राने सांगू नये. तुम्हाला ओळखता आलं, तर जास्तीचे पैसे मोजायला हरकत नाही. नाही आलं, तर घरी आणल्यावरही ओळखता येणार नाही.