सोन्याच्या गावातील मातीचे डोंगर

शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीचा उल्लेख आला की बंगळूरच्या जोडीने कोलारचे नाव येते, आणि मराठी माणसाला कोलार ठाऊक असते ते प्रायः एवढ्यापुरतेच. त्या मुलखाच्या पोटात सोने आहे, ही गोष्ट तेथील लोकांना मात्र फार पूर्वीपासून माहीत होती. १८०२ साली म्हैसूर राज्याच्या सरहद्दीची मोजणी करीत असलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरन याच्या कानावर ही वार्ता गेली. त्याने बक्षीस लावताच उरिगामच्या गावकऱ्यांनी गाडीभर माती आणली, ती त्याच्यादेखत धुतली आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण त्याला दाखविले. वॉरनच्या या टिपणावर पुढे सत्तर वर्षे धूळ साचली. ती झटकली बंगळूरच्या छावणीत स्थायिक झालेल्या मायकेल लॅव्हेल नावाच्या निवृत्त आयरिश सैनिकाने. १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडून खाणीचा परवाना मिळविला. पण भांडवल पुरेना, आणि अखेर १८८० साली लंडनची जॉन टेलर आणि कंपनी तेथे उतरली. लॅव्हेलच्या नावाचा रस्ता बंगळूरात आजही आहे, आणि तो शहरातील महागड्या रस्त्यांपैकी एक आहे.

पुढची हकीकत भरभराटीची आहे. १९०२ मध्ये शिवसमुद्रच्या धबधब्यावरील वीज कोलारच्या खाणींपर्यंत पोचली. राजधानी समजल्या जाणाऱ्या बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी. सरकारच्या लेखी अगोदर काय होते, ते यावरून दिसतेच. चँपियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली. तेथे उतरणारे मजूर बहुतांशी तमिळ मुलखातून आलेले, आणि त्यांतले पुष्कळसे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले होते. गावच्या सावकारीपेक्षा आणि वतनदारीपेक्षा पाताळातील उष्मा त्यांना बरा वाटला. सुमारे १२० वर्षांत या खाणींनी ८०० टनांच्या आसपास सोने दिले.

सोने गेले, दगड मात्र मागे राहिला. एका टनामागे हाती लागणारे सोने मोजावयाचे ग्रॅममध्ये, तेव्हा उरलेला टन कोठे जातो, हा प्रश्न सोन्याच्या इतिहासात सहसा कोणी विचारीत नाही. खडक पिठासारखा दळावयाचा, सायनाइडच्या पाण्यात भिजवून त्यातील सोने विरघळवून घ्यावयाचे आणि निरुपयोगी चिखल बाहेर सोडून द्यावयाचा, अशी ही कृती. तो चिखल वाळला, थरावर थर चढले, आणि वस्तीच्या कडेला राखाडी डोंगर उभे राहिले. लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. खरे पाहता सायनाइड ऊन-वाऱ्याने बरेचसे विरून जाते. न विरणारी ती गारगोटीची बारीक भुकटी. खडकातील गंधकयुक्त खनिजांवर पावसाचे पाणी पडले म्हणजे आम्ल तयार होते आणि त्याबरोबर धातू विहिरी-नाल्यांकडे वाहू लागतात. आषाढात वारा सुटला की पीठ उडते आणि घराघरांत शिरते. ही भुकटी फुप्फुसाचे काय करते, हे सांगावयास नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. भारतात सिलिकोसिस या रोगाची पहिली नोंद झाली ती १९४७ मध्ये, याच कोलारच्या खाणकामगारांत.

१९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. म्हणजे डोंगराचा वारस सरकारच ठरला. २००१ च्या फेब्रुवारीअखेर कंपनीचे काम थांबले, सुमारे साडेतीन हजार कामगार घरी बसले, पाणी उपसणारे पंप बंद पडले आणि खाणींत पाणी चढले.

त्यानंतरची दोन तपे कागदांत गेली. कामगारांच्या सोसायट्यांनी खाण आपण चालवू म्हणून हक्क सांगितला. २००६ मध्ये केंद्राने जागतिक निविदेचा मार्ग पत्करला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २०१३ मध्ये निविदेचा निर्णय कायम झाला. २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने सुमारे एक हजार एकरांवर पसरलेल्या १३ डोंगरांतून उरलेसुरले सोने काढण्यास संमती दिली. या डोंगरांत ३ कोटी टनांहून अधिक भुकटी आहे. सगळ्या पत्रव्यवहाराचा रोख तीत किती सोने आहे याकडे. तिच्या छायेत राहणाऱ्यांच्या श्वासाचा विषय पुरवणीसारखा येतो. डोंगर पुन्हा उकरले तर धूळ कमी होईल की वाढेल, हे रहिवाशांना कोणी समजावून सांगावयाचे?

मुंबईच्या गिरणगावाशी ताडून पाहिले तर भेद लक्षात येतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या तेव्हा भांडण होते ते जमिनीच्या किमतीचे. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश घरांना देऊ केला; २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा आकसला, तरी वाटा मागण्याजोगे काही होते. कोलारात वाटणीला आहे ती भुकटी.

अमेरिकेत १९७८ मध्ये लव्ह कॅनाल येथील वस्तीखाली रासायनिक कचरा पुरलेला निघाला आणि १९८० मध्ये अशा जागांच्या सफाईचा कायदा झाला. त्यातील मोठ्या निधीची चर्चा पुष्कळ होते. परंतु १९८६ च्या दुरुस्तीतील एक लहानशी तरतूद अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल : बाधित रहिवाशांच्या संघाला स्वतःचा स्वतंत्र तज्ज्ञ नेमता यावा म्हणून ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान. सरकारचा अहवाल आणि कंपनीचा अहवाल यांच्यामध्ये तिसरा वाचणारा लोकांच्या बाजूने बसला. १९९५ पासून तेथे पडीक कारखान्यांच्या जमिनी तपासण्यासाठी नगरपालिकांनाही अनुदाने मिळू लागली. जर्मनीत डुइसबुर्ग येथे १९८५ मध्ये बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या जागी सार्वजनिक पैशातून उद्यान झाले आणि १९९४ मध्ये ते लोकांना खुले झाले. भट्ट्या पाडल्या नाहीत, जागच्या जागी ठेवल्या.

भारतातही २०२५ च्या जुलैमध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर झाले. जागा शोधण्याची जबाबदारी स्थानिक यंत्रणेवर आली, खर्चाचा भार दूषित करणाऱ्यावर ठेवला गेला, आणि दूषित करणारा सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर सरकारी निधीची सोय सांगितली गेली. कोलारकरांनी हे नियम वाचावयास घेतले तर एका कलमाशी त्यांना थांबावे लागेल. खाणकामातून झालेले दूषण या नियमांच्या कक्षेतून सर्वसाधारणपणे वगळलेले आहे. त्याला वेगळे कायदे आहेत, असे त्याचे कारण. ते वेगळे कायदे २००१ मध्येही होते.

मारिकुप्पम हे खाणींच्या टोकाचे रेल्वे स्थानक. पहाटे तेथून बंगळूरची गाडी सुटते. पूर्वी ज्यांचे आजे पाळीच्या भोंग्यावर पाळण्यात बसून खाली उतरत, ती मुले आता गाडीने प्रवास करून राजधानीत कामाला जातात आणि रात्री परततात. जाता-येता रुळाच्या बाजूला डोंगर दिसतात. पावसाने त्यांच्या अंगावर खोल चरे पडले आहेत.